आठवड्याला एक

४ फेब्रुवारी

धाकटे,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच धाकटे. चार वर्षांनी पत्र लिहितेय ते तुझी ख्यालीखुशाली विचारायला नव्हे. फोन केला असता, पण आपण दोघी फोनवर तिसऱ्या वाक्याला ओरडायला लागतो, आणि इथे वॉर्डात ओरडायची सोय नाही.

आई शनिवारपासून हॉस्पिटलात आहे. 'घाबरू नकोस' असं मी लिहिणार नाही. घाबर. मी चार दिवस एकटी घाबरतेय, आता जरा तूही घाबर.

महिनाभर तिला सारखी तहान लागत होती. उशाशी पाण्याचा जग भरून ठेवला की तासाभरात रिकामा. मग पोट साफ होईना. मग अन्नावरची वासना उडाली, आणि मग उलट्या. मला वाटलं पित्त असेल. शनिवारी दुकानातून जेवायला घरी आले तर आई खुर्चीत ताठ बसलेली, एक हात कानाशी, आणि मला म्हणते, "नंबर सांगा. होल्ड करा, लाइन मोकळी नाही." टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन सोळा वर्षं झाली तिला! मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसलेसुद्धा. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी गोड, ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं, "मॅडम, आपण कोण बोलताय?"

रक्त तपासलं. कॅल्शियम चौदा. दहाच्या आसपास असायला हवं म्हणे. आणि व्हिटॅमिन डी किती, तर रिपोर्टवर लिहिलंय 'दीडशेच्या वर'. वर म्हणजे किती, ते त्यांच्या मशीनलाही मोजता येत नाही. डॉक्टर बाईंनी विचारलं, "काय काय देता यांना?" मी म्हटलं, डॉक्टरांनीच लिहून दिलेली गोळी, साठ हजार युनिटची, आठवड्याला एक. दुसरं काही नाही.

मग आईचा स्वेटर आणायला घरी गेले आणि तिची विणकामाची पिशवी उचकली. लोकरीच्या गुंड्यांखाली चार बाटल्या. तीन रिकाम्या, चौथी अर्धी. व्हिटॅमिन डी, एका गोळीत दहा हजार युनिट. वर तुझ्या जिमचं लेबल, दंड फुगवलेला माणूस. खाली बारीक अक्षरात 'दिवसाला एक, किंवा प्रशिक्षकाच्या सल्ल्याने'. प्रशिक्षक म्हणजे तूच ना? माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या आईला तू बाटल्या पाठवतेस, आणि मला ह्या कानाचं त्या कानाला कळू देत नाहीस!

चार वर्षांपूर्वी ती तुझ्या अकराव्या मजल्यावरच्या झगझगीत बाथरूममध्ये घसरून मनगट मोडून बसली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की तुझ्या हाताखाली आई जिवंत राहायची नाही. तू त्यावरून अबोला धरलास. बघ आता. तुझ्या घरी नाही राहिली, तर तू कुरिअरने पाठवायला लागलीस.

डॉक्टर बाईंना दोन गोष्टी हव्या आहेत. दिवसाला किती घ्यायची आणि कधीपासून. आईला विचारून उपयोग नाही, ती अजून लाइन जोडतेय. ताबडतोब कळव.

ताई


८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत तीनदा 'मला काय माहीत' लिहिलंयस. एवढं माहीत नव्हतं तर पाठवलंस कशाला?

असो. दिवसाला एक, सप्टेंबरपासून. डॉक्टर बाईंना सांगितलं. आणि रोज सकाळी आठ वाजता व्हिडिओ कॉल करून ती गोळी गिळताना बघायचीस, हेही आत्ता कळलं. मी पावणेआठला दुकान उघडायला जाते. म्हणजे माझी पाठ वळायची वाट बघत बसायचात दोघी. शाबास!

वर लिहितेस, 'मी स्वतः दहा हजार घेते, जिममधले सगळे घेतात, कुणाला काही झालं नाही.' अगं, तू चव्वेचाळीस वर्षांची, रोज पन्नास किलो उचलतेस. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, तिचं वजनच पन्नास किलो. उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्याकडे दुकानात गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, शेजाऱ्याचा चष्मा लावून बघितला, स्वच्छ दिसतं, तस्साच करून द्या. मी हाकलते त्यांना. सव्वीस वर्षं काचा घासतेय मी. पाव नंबर चुकला तरी माणसाचं डोकं दुखतं, जिन्यावर पाय चुकतो. नंबर ज्याचा त्याचा असतो आणि तो मोजावा लागतो, अंदाजाने द्यायचा नसतो. हे तुला कुणी शिकवलंच नाही वाटतं तुझ्या आरशांच्या जिममध्ये.

आणि पुन्हा तेच पुराण, 'तुझ्या बिळात ऊन येत नाही म्हणून हे सगळं झालं.' बीळ! मागच्या दोन खोल्या आहेत त्या दुकानाच्या, खिडकीसमोर भिंत आहे, मान्य. पण गेल्या वर्षी हे तू आईला फोनवर म्हणालीस तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि मी दारात होते. "ताईने तुला तळघरातल्या बटाट्यासारखी ठेवलीय." ऐकलं मी. आई गप्प बसली. तिची जुनी सवय तुला माहीत आहे. एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, एका लाइनवरचं दुसऱ्या लाइनवर कधी न्यायचं नाही. नोकरीचा नियम तिने घरात आणला आणि आपण दोघींनी त्याचा भरपूर फायदा घेतला.

तुझ्या त्या बटाट्यामुळेच मी तिला तपासणीला नेलं. कारण मला दाखवून द्यायचं होतं की माझ्या घरात आईला काही कमी नाही. तर डी निघालं नऊ. तीसच्या वर असावं म्हणे, आणि हिचं नऊ! मला तोंडात मारल्यासारखं झालं. गल्लीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं, साठ हजार युनिटची एक गोळी, आठवड्याला एक, आठ आठवडे, मग पुन्हा तपासून या. मी डोळ्यांत तेल घालून आठ रविवार ती गोळी दिली. दुधाबरोबर, माझ्या हाताने, समोर बसून. आठव्या रविवारनंतर आई कठड्याला न धरता गच्चीपर्यंत जिना चढली. वर जाऊन तिने मला हाक मारली, तू असतीस तर ऐकली असतीस.

तू विचारतेस, 'आठ आठवड्यांनंतर तुझी गोळी बंद झाली ना?' हे विचारणारी तू कोण? माझ्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी होती. तुझ्या गोळीला काय होतं, दंड फुगवलेला माणूस! चोराच्या उलट्या बोंबा नकोत.

आईला सलाइन चालू आहे. दूध बंद, दही बंद, कॅल्शियम असलेलं काहीही नको. कालपासून मला ओळखते. तुझ्या बाटल्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, "तिच्यावर ओरडू नकोस." बघ, तिथेही तुझीच बाजू.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

हे घाईत लिहितेय, कुरिअरवाला पाचला येतो.

कॅल्शियम उतरायला हवं तेवढं उतरत नाहीये. बाराच्या खाली यायला तयार नाही. किडन्यांवर ताण आलाय. डॉक्टर बाईंनी आज मला खोलीत बोलावलं, समोर कागद घेतला आणि गणित मांडलं. रोजचे दहा हजार, सप्टेंबरपासून. त्या म्हणाल्या, "हेसुद्धा जास्तच आहे, कुणीही आपल्या मनाने घेऊ नये. पण नुसत्या एवढ्यावर सहसा इतकं होत नाही. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा आत जास्त असेल, नाहीतर कॅल्शियम दुसरीकडून कुठून तरी येतंय. हाडांतून येत असेल. काही वेळा आत गाठ असते, रक्ताचा आजार असतो. ते बघायलाच हवं."

म्हणजे कंबरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढणार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या! परवा सकाळी दहाला.

मी तुझ्या बाटलीकडे बोट दाखवलं. म्हटलं, हिच्यात काय भरलंय कोण जाणे, आधी हीच तपासा. त्या म्हणाल्या, पाठवते तपासायला, पण निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतील, तेवढं थांबता येणार नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरातून आणखी काही जात नव्हतं ना? नक्की? आठवून सांगा."

मी म्हटलं, जे होतं ते सांगितलंय. म्हटलं, तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का? आवाज चढला माझा. बाहेरच्या नर्सने आत डोकावून बघितलं. काय समजतात हे लोक स्वतःला! अकरा दिवस मी तिथे खुर्चीवर बसून काढलेत, आईचे केस विंचरतेय, बेडपॅन देतेय, आणि मलाच उलटतपासणी!

तुझ्यामुळे हे ऐकावं लागलं. सगळं तुझ्यामुळे. नोव्हेंबरात तू आईला फोनवर काय म्हणालीस ते मला माहीत नाही असं समजू नकोस, तेव्हाही फोन स्पीकरवरच होता. "ताईच्या त्या आठ गोळ्यांनी काय होणार, बघ थंडी आली की गुडघे धरतील." धरलेच तिचे गुडघे. ती पुन्हा कठड्याला धरून चढायला लागली. तुला काय वाटतं, मी नुसती बघत बसणार होते?

कुरिअरवाला आला.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

सुई घातली नाही. आधी हे वाच आणि श्वास सोड, मग पुढचं वाच.

सकाळी साडेनऊला नर्सने ट्रॉली आणली. वर हिरवं कापड. कापडाखाली काय आहे ते दिसत नव्हतं, पण ट्रॉली ढकलली की आत धातू वाजत होता. आईला कुशीवर वळवलं. तिने मला विचारलं, "कशासाठी गं हे?" मी म्हटलं, तपासणी आहे, काही नाही. ती म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर असेल." आणि भिंतीकडे तोंड करून गाऊनची नाडी स्वतःच सोडायला लागली, नर्सला त्रास नको म्हणून.

तिथून मी कॉरिडॉरमध्ये पळाले. डॉक्टर बाई हात धूत होत्या. मी म्हटलं, "थांबा. मी देत होते."

त्यांनी नळ बंद केला. "काय?"

"साठ हजारांची गोळी."

"आठवड्याला एक. ते सांगितलंत तुम्ही."

"आठवड्याला एक नाही. एक दिवसाआड."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुसला, खिशातून कागद काढला आणि लिहून घेतलं. मला म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत तर औषध आठ-दहा दिवस आधी सुरू झालं असतं. किडनीच्या दृष्टीने तेवढे दिवस पुष्कळ असतात." एवढंच. मग नर्सला हाक मारून ट्रॉली परत न्यायला सांगितली.

आता तुला सगळं सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

आठ रविवार झाले, पण मी परत तपासायला नेलंच नाही. कशाला नेऊ? आई जिना चढत होती, रिपोर्ट वेगळा काय सांगणार होता? गोळी मात्र चालू ठेवली. चिठ्ठी संपलेली होती, पण कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा चष्मा मीच करते. तो म्हणाला, "अहो, जीवनसत्त्व आहे ते, विष थोडंच आहे!" आणि पाकीट पुढे केलं. नंबराची चिठ्ठी नसताना मी कुणाला काच घासून देत नाही. त्याच्याकडून मात्र मी बिनचिठ्ठीची गोळी दहा महिने घेतली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत बसले आणि माझ्या डोळ्यात हे एवढं मुसळ.

नोव्हेंबरात तिचे गुडघे दुखायला लागले. तुझं ते बोलणं कानात होतंच. आधी आठवड्याला दोन केल्या, मग एक दिवसाआड. आठवड्याला एकने ती गच्चीवर गेली, तर जास्तीने धावेल, असा माझा हिशोब. अगं, असा हिशोब माझ्याकडे कुणी घेऊन आलं असतं तर मी त्याला दुकानाच्या पायऱ्या उतरायला लावल्या असत्या. मग तहान लागायला लागली, अशक्तपणा आला. मला वाटलं, कमी पडतंय. हॉस्पिटलात आणायच्या आदल्या आठवड्यात मी रोज एक करायच्या बेतात होते. हे मी डॉक्टर बाईंना सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय.

त्यांनी मला समजावलं ते तसंच लिहिते, तुलाही उपयोगी पडेल. साधारण माणसाला दिवसाला सहाशे ते आठशे युनिट पुरतात. चार हजारांच्या वर आपल्या मनाने जायचंच नाही. मोठा डोस डॉक्टर देतात तो मोजून, ठरावीक दिवसांसाठी, आणि नंतर पुन्हा तपासतात. कारण हे पाण्यासारखं लघवीतून निघून जात नाही. चरबीत साठून राहतं आणि महिनोन्‌महिने झिरपत राहतं. आईला माझ्याकडून दिवसाला सरासरी तीस हजार, तुझ्याकडून दहा. डॉक्टर बाईंनी बेरीज केली आणि मला विचारलं, "तुम्ही बहिणी एकमेकींशी बोलत नाही का?"

मी म्हटलं, नाही. चार वर्षं झाली.

तू दहा दिलेस, मी तीस. तुझ्या हाताखाली आई जिवंत राहायची नाही, असं मी चारचौघांत म्हटलं होतं. ते मी मागे घेते. असलं काही एका पत्राने मागे घेता येत नाही हे मला कळतं, तरी घेते. पण तू लपवून पाठवलंस त्याचा राग मात्र गेलेला नाही. तो आहे आणि राहणार. तू मला एक ओळ लिहिली असतीस, 'ताई, मी आईला हे पाठवतेय,' तर मी तुझ्या नावाने बोटं मोडली असती, तुला शिव्या घातल्या असत्या, आणि आईवर ही वेळ आली नसती. माझंही तेच. आपण एकमेकींना शिव्या घालायलासुद्धा तयार नव्हतो.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. दोन ओळींचं. 'शनिवारी पोचते. काय आणू?'

मला वाटलं होतं तू मला सोलून काढशील. मी तयार होऊन बसले होते, उत्तरंही जुळवली होती. तू काहीच लिहिलं नाहीस, त्यामुळे मला दोन दिवस कुणावर चिडायचं तेच कळेना. शेवटी औषधवाल्याकडे गेले आणि दुकानभर लोक असताना त्याला झाडला. तो म्हणाला, "तुम्हीच मागितलंत ना, मॅडम?" खरं बोलला, म्हणून आणखी चीड आली.

आईचं कॅल्शियम काल पहिल्यांदा अकराच्या खाली आलं. नवं औषध लागू पडतंय. डोकं अगदी ताळ्यावर आहे, नर्सच्या विणकामात चुका काढतेय. किडन्यांचं मात्र डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं, गेलं त्यातलं थोडं परत येईल, सगळं नाही. किती, ते तीन महिन्यांनी कळेल. तोवर दर आठवड्याला रक्त. डायलिसिसची वेळ येईल का असं मी विचारलं. त्या 'नाही' म्हणाल्या नाहीत. "आशा आहे" म्हणाल्या. तू येण्याआधी तुला हे माहीत असावं.

आता जे लिहिणार आहे ते समोरासमोर मला बोलता यायचं नाही.

काल मी आईला फैलावर घेतलं. हो, आजारी बाईला. मला राहवेना. म्हटलं, "आई, ती सकाळी देते, मी रात्री जेवणानंतर देते, तुला कळत नव्हतं का दोन्हीत काय आहे?" म्हटलं, वयाने विसरली असेल, अक्षर बारीक असेल. मी तिचा चष्मा करते, मला माहीत आहे तिला किती दिसतं, तरी म्हटलं.

ती म्हणाली, "कळत होतं की. दोन्हींवर डीच लिहिलंय. मला वाचता येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिच्या बाटल्या फेकल्या असत्यास. तिला सांगितलं असतं तर तिने तुला काहीबाही लिहिलं असतं."

"फेकू दिल्या असत्यास! लिहू दिलं असतंस! जीव गेला असता तुझा!"

मग माझ्याकडे न बघता, चादरीची घडी नीट करत म्हणाली, "ती मला रोज आठ वाजता फोन करायची. गोळी घेतलीस का म्हणून. आधी कुठे करायची? महिन्यातून एकदा, तेही घाईत. आणि तू दुकानातून आलीस की थेट झोपायचीस. गोळीच्या दिवशी समोर स्टूल घेऊन बसायचीस, दूध संपेपर्यंत. आठवड्यातून एकदाच होतं ते आधी. मग तू एक दिवसाआड बसायला लागलीस." आणि हसली, देवा, हसली ती! "मला बरं वाटायला लागलं होतं गं."

मी संतापले. अजून संतापलेलीच आहे. ही काय पद्धत झाली? माणसाने तोंडाने मागावं ना! 'बस माझ्याजवळ' एवढं म्हणायला काय होतं? दोन धडधाकट पोरी असताना तिने गोळ्या गिळल्या! इतका राग आला की मी बाहेर जाऊन कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालले आणि परत आले. परत येताना मला तो राग तिच्यावर काही केल्या ठेवता येईना. तुझ्यावर टाकून बघितला, तिथेही फार वेळ टिकला नाही.

तर तू विचारतेस, काय आणू. काही आणू नकोस. व्हिटॅमिन नको, पावडर नको, तेल नको, तुझ्या जिमचं ते कंबरेला बांधायचं काहीतरी आहे ते नको. फळंसुद्धा डॉक्टर बाईंना विचारल्याशिवाय नकोत. वर्षभर तिला यातलं काहीही द्यायचं नाही, असं त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. तुझ्याकडेही तिला द्यायला काही उरलेलं नाही आणि माझ्याकडेही नाही.

रिकाम्या हाताने ये. ये आणि तिच्याजवळ नुसती बस.

ऐकायला सोपं वाटतं. काल संध्याकाळी मी बसून बघितलं. स्टूल घेतलं, समोर बसले, हातात काही नाही. पहिलं मिनिट ती माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. दुसऱ्या मिनिटाला मी तिची उशी सरळ केली. तिसऱ्याला सलाइनचे थेंब मोजले, मग पाणी हवंय का विचारलं, मग पडदा ओढला, मग पांघरूण पायावर घ्यायला उठले. तिने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला अजून जोर नाही, झटकलं असतं तर सुटलं असतं.

"अगं, बस ना नुसती," ती म्हणाली.

ताई